पद आणि अधिकार

सौंसरजवळच्या जामसावळी येथील मारुती निजलेल्या स्थितीत आहे. ज्याने एका उड्डाणात समुद्र ओलांडला तो देव येथे पिंपळाच्या तळाशी स्वस्थ पहुडला आहे, आणि शनिवारी-मंगळवारी त्याच्या दर्शनास दूरदूरची माणसे येतात. गेल्या माघ महिन्यात अशाच एका शनिवारी आम्ही आमच्या भाचीसह तेथे गेलो होतो. दर्शन झाले, प्रसाद घेतला आणि सावलीत जरा टेकलो, तोच तिने विचारले, "मामा, माणसाने किती वेगाने मोठे व्हावे?"

तत्त्वचर्चेच्या हौसेने तिने हे विचारले नव्हते. पुण्याच्या एका कंपनीने तिला नेमणुकीचे पत्र धाडले होते आणि सोमवारपर्यंत तिला हो किंवा नाही कळवावयाचे होते.

कोकण-गोव्याकडील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण बाजूचा, नागपूरला लागून असलेला मुलूख. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्या राज्याची राजधानी होती त्याच राज्यात हा भाग होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि ही मराठी बोलणारी गावे मध्य प्रदेशात राहिली. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन २०२३ साली त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि पुढील शिक्षणासाठी नागपूरची गाडी पकडतात. आमची भाचीही तशीच गेली. उपयोजित कलेचे शिक्षण तिने पुरे केले आणि गेली दोन वर्षे ती नागपुरातील एका लहान कार्यालयात डिझायनर म्हणून काम करीत होती.

आमच्या तरुणपणी ज्याला कमर्शियल आर्टिस्ट म्हणत त्याचाच हा आजचा अवतार. मात्र कामाचा पसारा आता फार वाढला आहे. औषधाचे वेष्टन, स्थानकावरची पाटी, बँकेचा अर्ज, मोबाइलच्या पडद्यावरील बटण, या साऱ्यांचे आकार, अक्षर आणि रंग कोणीतरी ठरवीत असतो. काम चांगले झाले की त्याचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानी येत नाही. ते चुकले म्हणजे मात्र कोणीतरी अडखळतो, आणि अडखळणाऱ्याला वाटते की आपणच अडाणी.

पुण्याच्या कंपनीने तिला जवळजवळ दुप्पट पगार देऊ केला होता. हुद्दा 'सीनियर'चा, हाताखाली चार माणसे, आणि काम शेतीच्या औषधांची वेष्टने व माहितीपत्रके तयार करून घेण्याचे. वय वर्षे चोवीस. घरी दोन एकरांची संत्र्याची बाग, तिच्यावर बँकेचे कर्ज, आणि धाकटा भाऊ नागपुरात इंजिनियरिंगला. आजीचे म्हणणे स्पष्ट होते : लक्ष्मी टिळा लावावयास आली असता तोंड धुवावयास जाऊ नये. वडील काहीच बोलत नव्हते, आणि त्यांचे न बोलणे मुलीला आजीच्या बोलण्याहून जड जात होते. बरोबरीच्या मैत्रिणी केव्हाच पुढे गेल्या होत्या.

"मग अडले कुठे?" आम्ही विचारले.

ती म्हणाली, "मागल्या वर्षी संत्र्यावरच्या एका फवारणीच्या औषधाचे पत्रक मी केले. तक्त्यात जागा पुरेना म्हणून मी एक आकडा खालच्या ओळीत ढकलला. त्यामुळे शंभर लिटर पाण्यासाठीचे औषधाचे प्रमाण पंधरा लिटरच्या पंपासमोर येऊन बसले. मी ते पत्रक चार वेळा वाचले होते, मामा. मला दिसले नाही. आमच्या मॅडमनी नुसते हातात घेतले आणि त्यांना दिसले. पुण्याला माझ्या कामावर नजर टाकणारे कोणी नसेल. तिथे नजर टाकायची ती मीच."

मुलीच्या या बोलण्यावर आम्ही त्यानंतर पुष्कळ दिवस विचार केला. तिने जो प्रश्न वेगाचा म्हणून विचारला होता तो वस्तुतः अधिकाराचा प्रश्न होता.

अधिकार या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कचेरीतील अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीने काम होते तो. त्याला तो अधिकार कागदाने मिळतो आणि कागदानेच जातो. परंतु एखाद्या गवयाविषयी "या रागात त्यांचा अधिकार मोठा" असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्याही कागदाचा संबंध नसतो. वेदान्ताच्या ग्रंथांत प्रारंभीच चार गोष्टी सांगण्याची रीत आहे : ग्रंथाचा विषय, त्याचे प्रयोजन, त्यांचा परस्परसंबंध आणि चौथा अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ हाती घेण्याची ज्याची तयारी झाली आहे तो. पहिला अधिकार कोणीतरी देतो. दुसरा अंगी यावा लागतो. पगारपत्रकावर या दोहोंसाठी एकच रकाना असतो, म्हणून तरुण माणसाला, आणि त्याहून अधिक त्याच्या आप्तांना, ते एकच वाटतात.

येथे एक कबुली देणे आम्हांस अवश्य वाटते. अधिकार या शब्दाने आपल्या समाजात मोठा अन्यायही केला आहे. जन्म पाहून, स्त्रीपुरुष पाहून "तुला अधिकार नाही" असे शतकानुशतके सांगितले गेले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हे देवळाशी नाते सांगणाऱ्या आपण सर्वांनी विसरू नये. यास्तव आम्ही अधिकार म्हणतो तो कामावरून पारखण्याचा. तो कोणालाही मिळविता येतो, त्याची परीक्षा कोणालाही घेता येते, आणि तो नसल्यास कसा मिळवावा हे सांगणे ज्याला तो आहे त्याचे कर्तव्य ठरते. वाट न दाखविता "अजून तुझा अधिकार नाही" म्हणणारा माणूस दार लावून घेत असतो.

त्या दिवशी परतताना वाटेत दोहों बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. आंबिया बहाराची फुले उमलत होती आणि हवेत त्यांचा वास भरून राहिला होता. बागाइतदाराच्या लेकीला झाडाचे व्यवहार आम्ही काय सांगावे? तरीही बोलणे तिकडे वळले. जंभेरीच्या रोपावर डोळा भरून संत्र्याचे कलम तयार होते. लावणीनंतर फळ धरण्याजोगे होण्यास झाडाला चार-पाच वर्षे लागतात. त्याआधीही कधी फुले येतात, फळेही धरतात. जाणता शेतकरी ती पहिली फळे झाडावर राहू देत नाही. त्या वयात झाडाची शक्ती फळात गेली तर फांद्या आणि मुळे वाढावयाची राहतात. पुढे झाड मोठे झाल्यावरही एका वर्षात आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार भरभरून घेण्याच्या लोभात पडणाऱ्याची बाग लवकर थकते, झाडांवर सल वाढते आणि फळ बारीक होते.

दृष्टान्त सोयीचा आहे, आणि सोयीच्या दृष्टान्ताने फसगत होते. म्हणून त्याची दुसरी बाजूही पाहू. बहार यावा यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. महिना-दीड महिना पाणी तोडावयाचे, पाने मलूल होऊ द्यावयाची, आणि मग योग्य वेळी ताण सोडून पाणी व खत द्यावयाचे. ताण देणाऱ्याला दिवस मोजावे लागतात, जमीन हलकी की भारी हे पाहावे लागते आणि रोज झाडाकडे लक्ष ठेवावे लागते. नुसते पाणी तोडून घरी बसणाऱ्याने झाडाला ताण दिला असे कोणी म्हणत नाही; त्याने झाड वाळविले असे म्हणतात.

तरुणांना धीराचा उपदेश करणारे पुष्कळदा हाच दुसरा प्रकार करीत असतात. "शिकण्याचे दिवस आहेत, पैशाकडे पाहू नकोस" असे सांगणाऱ्या मालकाला विचारावे की आपण या मुलाला आठवड्यातून किती वेळ शिकविता? उत्तर पुष्कळदा अवघड जाईल. रात्री नऊपर्यंत तीच ती जाहिरात वेगवेगळ्या मापांत कापून घेणे याला शिक्षण म्हणता येत नाही. अशा जागी काम करणाऱ्या मुलाने चौथ्या महिन्यात दुसरी नोकरी पाहिली तर त्याला उतावळा म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही.

तसेच वेतन आणि पद यांची आपण उगाच गाठ बांधली आहे. कामाचा योग्य मोबदला मागणे ही घाई होत नाही. ज्याच्या घरी कर्ज आहे त्याला तर तो मागणे भागच आहे, आणि निष्काम कर्माचे नाव घेऊन त्याला गप्प बसविणे हा गीतेचाही अपमान होय. कर्मफलाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःला करावयाचा असतो. त्याचे वेतन देणाऱ्याने तो त्याला करावयाचा नसतो. पगार वाढला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. पद वाढले असता मात्र ज्यांचे नुकसान होऊ शकते अशी माणसे असतात, आणि नीतीचा प्रश्न त्यांच्यापाशी सुरू होतो.

आपल्या कलावंतांच्या चरित्रांकडे पाहावे तर प्रत्येकाची चाल निराळी दिसते. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ पर्यंत त्याच संस्थेत राहिले. आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी नावच दिले 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. पुस्तकांची चित्रे, पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके असे नाना प्रकारचे काम त्यांनी केले, आणि त्या शाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले ते अगदी अखेरीस, तेही थोडक्या काळासाठी. याउलट मडगावचे दीनानाथ दलाल. १९१६ चा जन्म, आणि १९४५ साली, तिशी पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी 'दीपावली' हे स्वतःचे नियतकालिक काढले. पुढे मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे म्हटली की दलालांचे नाव आठवावे इतके काम त्यांच्या हातून झाले. ते पंचावन्नाव्या वर्षी, १९७१ साली वारले. त्यांनी आणखी दहा वर्षे वाट पाहिली असती तर आपण सर्वच काहीतरी गमावून बसलो असतो.

तिसरे उदाहरण रघुनाथ कृष्ण जोशी यांचे. त्यांचा जन्म १९३६ चा. अनेक वर्षे जाहिरातीच्या व्यवसायात कला-दिग्दर्शन केल्यावर १९८३ ते १९९६ ते पवईच्या आय. आय. टी.मधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक होते. संगणकावर देवनागरीसाठी घराघरांत पोहोचलेला 'मंगल' हा टंक त्यांनी घडविला. तो २००० सालच्या विंडोजमधून लोकांच्या हाती आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मराठी, हिंदी आणि कोंकणी लिहिणाऱ्या असंख्य लोकांना, कारकुनाला, वकिलाला, विद्यार्थ्याला, त्या अक्षरांवर विसंबावे लागले. एखादे जोडाक्षर तुटले असते तर ते लक्षावधी कागदांवर तुटले असते.

या तिघांपैकी वेगाचा नियम कोणापासून घ्यावा? आमच्या मते कोणापासूनही घेऊ नये. परंतु त्यांची चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. दलालांनी स्वतःचे नियतकालिक काढले तेव्हा ते फसले असते तर मुख्य झळ त्यांनाच लागली असती. स्वतःच्या नुकसानीची जोखीम पत्करून केलेल्या घाईला आपण धाडस म्हणतो, आणि तरुणपणी ते अवश्य करावे. परंतु ज्या घाईची किंमत दुसऱ्या कोणाला, तीही नकळत, भरावी लागते तिची गोष्ट वेगळी. कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक तिरका ठेवलेला चौकोन असतो, आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंगावरून विषाची तीव्रता कळते : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पाठीवर पंप घेतलेला मजूर कित्येकदा त्या रंगाशिवाय आणि दोन आकड्यांशिवाय दुसरे काही वाचत नाही. ते आकडे कोणी मांडले, तिचा हुद्दा काय होता, तिला तो चोवीसाव्या वर्षी मिळाला की तिसाव्या, हे त्याला कधीच कळणार नाही. त्याने नुसता विश्वास ठेवला आहे.

म्हणून पायरी चढण्यापूर्वी तरुण डिझायनरने स्वतःला एवढेच विचारावे : ज्या जागी माझी चूक पाहणारे कोणी उरणार नाही, तेथे जाण्यापूर्वी दुसऱ्याच्या चुका मला दिसू लागल्या आहेत काय? लागल्या असतील तर वयाचा विचार करू नये आणि वडीलधाऱ्यांच्या भुवयांकडे पाहू नये. लागल्या नसतील तर पगार घ्यावा, काम घ्यावे, पण आपल्यावर एक डोळा असू द्यावा.

हे सांगून झाल्यावर भाचीने आम्हांस पेचात पकडले. ती म्हणाली, "पण मामा, माझी खरोखरच तयारी नाही, की मी नुसती भिते आहे, हे कसे कळायचे?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नुकतेच ज्याचे दर्शन घेतले होते त्याच्याच कथेत आहे. समुद्रतीरी सारे वानर आपापल्या उडीचा अंदाज सांगत होते तेव्हा मारुती एका बाजूला मुकाट बसला होता. ऋषींच्या शापाने त्याला स्वतःच्या बळाचे विस्मरण झाले होते. म्हाताऱ्या जांबवंताने त्याला त्याची आठवण करून दिली आणि मगच तो उठला. जांबवंत नसता तर त्या मुकाट बसण्याला लोकांनी कदाचित विनय म्हटले असते! आपला अधिकार आपल्याला नेहमीच दिसतो असे नाही. ज्याने आपले काम रोज पाहिले आहे आणि ज्याला आपल्या जाण्या-राहण्यात स्वार्थ नाही अशा माणसाला तो विचारावा. आम्ही तिला म्हणालो, "मी तुझा मामा, मी प्रेमाने आंधळा आहे. ज्या बाईंना ती चूक दिसली त्यांना विचार."

तिने विचारले. त्या बाई स्वतः तिच्यावरच्या जागेवर होत्या आणि चांगली मुलगी गेली तर त्यांच्याच कामाची अडचण होणार होती. तरीही त्यांनी सरळ उत्तर दिले. मांडणीत आणि अक्षरांत तू आताच माझ्या पुढे आहेस, त्या म्हणाल्या. तपासण्याची नजर यावयास आणखी वर्ष लागेल, आणि ती मी तुला देऊ शकेन. रविवारी मुलीने पुण्याला कळविले की काम आणि पगार मान्य आहे, फक्त पहिले वर्षभर प्रत्येक पत्रक छापण्यापूर्वी एका अनुभवी माणसाने पाहावे अशी व्यवस्था असावी. तशी माणसे आमच्याकडे नाहीत, असे उत्तर आले. तिने नकार दिला. नागपुरातील कार्यालयात तिने पगारवाढ मागितली आणि ती मिळाली, परंतु पुण्याच्या आकड्याच्या निम्मीही नव्हे.

येथेच लेख संपविला असता तर आम्हांस सोयीचे झाले असते. परंतु त्या नकाराची किंमत घरात पडली. भावाची फी भरावयाची होती. आजी आमच्याशी महिनाभर धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचे चुकले असे आम्हांस म्हणवत नाही. धीर धरण्यास सांगणारे आम्ही. धीर धरल्याचा भुर्दंड मात्र दुसऱ्याच्या चुलीवर. तेव्हा आम्हांस उमगले की ज्याने धीराचा सल्ला दिला त्याने त्या धीराच्या खर्चाचा काही वाटा उचलला पाहिजे. एरव्ही त्याचा सल्ला फुकटचा. त्या वर्षाची फी आम्ही भरली. त्यात उदारपणा नव्हता. आमच्याच शब्दाचे ते देणे होते.

हे सांगण्याचे कारण एवढेच की हा प्रश्न एका मामाचा व एका भाचीचा नाही. आपल्या देवस्थानांकडून आणि ज्ञातिसंस्थांकडून विद्यार्थ्यांना जे साहाय्य मिळते ते बहुधा पदवीपाशी थांबते. जणू पदवी मिळाली की झाड फळाला आले! खरी नाजूक वर्षे पदवीनंतरची दोन-तीन असतात. त्या काळात एखाद्या मुलाला किंवा मुलीला चांगल्या हाताखाली कमी पगारावर काम करण्याची संधी मिळते आणि घरच्या ओढीपायी ती सोडावी लागते. उत्सवाच्या खर्चातील लहानसा भाग जरी अशा दोन मुलांच्या दोन वर्षांसाठी बाजूला काढला, तर त्या मुलांना घाई न करण्याचे स्वातंत्र्य मिळेल. आज ते स्वातंत्र्य सुखवस्तू घरांतील मुलांनाच आहे, आणि मग त्यांच्या संयमाचे आपण कौतुक करतो.

मृगाच्या सुमारास आम्ही पुन्हा पांढुर्ण्यास गेलो होतो. भाची दोन दिवसांच्या सुटीवर आली होती. तिने पिशवीतून एक छापील पत्रक काढून वडिलांपुढे ठेवले. ते तिने केलेले नव्हते. कार्यालयात नव्याने आलेल्या एका मुलाने केले होते आणि तिने तपासले होते. "यात एक चूक होती, ती मी काढली," ती म्हणाली. वडिलांनी चष्मा लावला, पत्रक वरपासून खालपर्यंत वाचले, पंपाचे प्रमाण बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग ते पत्रक त्यांनी घडी करून खिशात घातले आणि बागेकडे गेले.